एक भारा चालणे

शहादा,
१ डिसेंबर २०२४

प्रिय फुई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावते, आणि हे पत्रही त्या पायांविषयीच लिहिते.

काल मिथुन केळीच्या गाडीबरोबर इकडे आला होता. तुझ्या रक्ततपासणीचा कागद त्याने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ताई, माय मन्हं ऐकत नई. तूच सांग." टायफॉइडपासून तुला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि तुझ्या लेकाच्या मोबाइलवर काही लिहिले की ते आधी सगळे घर वाचते. तेव्हा आपली पत्राची पद्धतच बरी. दुधाच्या गाडीवरचा लखन हे तुझ्या हाती देईल.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे, म्हणून आधी कारण सांगते आणि मग आग्रह करते. तू आयुष्यभर उसाला पाणी दिलेस, दारे धरलीस. पाट तुडुंब भरला आहे, पण वाफ्याचे दार उघडलेच नाही, तर काय होईल? पीक सुकेल आणि पाट फुटेल. तुझ्या रक्तात साखर आहे ती पाटातल्या पाण्यासारखी आहे, आणि मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू म्हणजे वाफे. तू चालायला लागलीस की हे स्नायू आपली दारे स्वतःच उघडतात आणि साखर ओढून घेतात. किती सुंदर व्यवस्था आहे पाहा! औषध हवेच, पण अर्धे काम पाय करतात. डॉक्टरांना काळजी आहे ती तुझ्या तळव्यांची. तुला ऊन-गार कळेनासे झाले आहे. तुझ्या मोठ्या जाऊबाईंचा पाय याच वाटेने गेला, हे तुला मी सांगायला नको.

आता आग्रह. आमच्या कॉलनीची मोकळी जागा तू पाहिली आहेस. बाभळी, बांधकामाचा राडारोडा आणि डुकरे. आता ओळखणार नाहीस. रहिवासी मंडळाने तिथे बाग उभी केली आहे आणि मी मंडळाची सचिव आहे. भोवताली फेरीचा मार्ग आखला. त्याच्या खाली मुरूम दाबून वर बारीक रेती पसरली, म्हणजे गुडघ्यांना धक्का बसत नाही. मध्ये हिरवळ लावली आहे, कडेला करंज आणि कडुनिंब. प्रजासत्ताक दिनी उद्घाटन आहे. तोवर माझ्याकडे राहायला ये. रोज सकाळी आपण दोघी चालू. चालण्याचे बूट मी आणून ठेवले आहेत.

तुझी,
भूमिका

*

म्हसावद,
८ डिसेंबर २०२४

भूमी,

पत्र दोनदा वाचलं. पाटाचं समजलं. तुझे फुवा म्हणाले, "आमनी पोरगी डॉक्टरपेक्षा भारी सांगस." त्यांना वाचून दाखवताना मलाच मोठं वाटत होतं.

पण एक विचारते, हसू नको. तिथं चालताना मी जाणार कुठं?

आपल्या गावात बाई घरातून निघाली की ओट्यावरून हाक येतेच. "कथा जाई ऱ्हायनी वं मीनाबाई?" मला ऐकू येत नाही, पण तोंड हललेलं दिसतं. मग कुठं चालले ते सांगायचं, शेतात, दळणाला, अमकीकडे बसायला. गोल फिरून परत आपल्याच दारात येते, असं कसं सांगू? काम नसताना बाईमाणूस रस्त्याने हिंडतं, याची मला लाज वाटते. आणि तुझी आजी मला नि तुझ्या वडिलांना म्हणायची, शेतातून रिकाम्या हाताने घरी यायचं नाही. गवताचा भारा, नाही तर चार काटक्या, तेही नाही तर पदरात दोन भेंड्या. साठ वर्षांची सवय आहे, ती बूट घातल्याने जाईल का?

तरी येते. जाऊबाई रोज ओसरीवर बसलेल्या दिसतात, म्हणून येते. लसणाची चटणी आणते. बुटाची घाई करू नको.

तुझी फुई
मीनाबाई

*

शहादा,
३० जानेवारी २०२५

प्रिय फुई,

तू गेल्यापासून घर फारच नीटनेटके दिसते आहे. चुलीजवळ काटक्यांची मोळी नाही, न्हाणीत गवत भिजत घातलेले नाही. मला करमत नाही.

तुझी तपासणी मी परवाच पाहिली. साखर चक्क उतरली आहे! दीड महिन्यात शरीर किती प्रामाणिकपणे उत्तर देते, हे मी वर्गात नेहमी सांगते. आता माझ्याकडे घरचे उदाहरण आहे. पहिल्या आठवड्यात तू मार्गावर पाऊल टाकायला तयार नव्हतीस, आठवते? बाकावर बसून राहायचीस. मग एके दिवशी मी शाळेत गेल्यावर आपणहोऊन निघालीस, आणि परतले तेव्हा बागेत गोंधळ. नवीन हिरवळीची कड विळ्याने सफाईदार कापलेली, आणि तुझ्या डोक्यावर भारा! माळी हातवारे करून सांगतो आहे आणि तू त्याला समजावते आहेस की इतका कोवळा चारा उन्हात वाळवणे पाप आहे. अध्यक्षांचा चेहरा मला अजून दिसतो. पण मला विचार, त्या दिवशी तू सगळ्यांत जास्त चाललीस. कारण असले की पाय निघतात, हे मला तेव्हा उमजले. म्हणूनच मी माळ्याशी बोलून ठेवले की वाळलेल्या काटक्या आणि कडेचे गवत तुझे.

उद्घाटनाचा कार्यक्रम कसा झाला हे तुला ऐकू आले नसेल, म्हणून सांगते. पाहुण्यांचे भाषण लांबले. त्यानंतर मी 'चालण्याचे शास्त्र' या विषयावर बोलले. नुसते शास्त्र ऐकून लोक कंटाळतात, म्हणून तुझ्या मुक्कामातले दोनचार प्रसंग सांगितले. लोकांना ते फार आवडले. मी तुझे कौतुकच केले, हे वेगळे सांगायला नको. तू पहिल्या रांगेत बसली होतीस, सगळे तुझ्याकडे पाहत होते. इतक्या टाळ्या मला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या.

आता गावातही चालणे सोडू नकोस. बूट घालूनच चाल.

तुझी,
भूमिका

*

म्हसावद,
७ फेब्रुवारी २०२५

भूमी,

तुझ्या भाषणाचं मी इथं सगळ्यांना सांगितलं. काय बोललीस ते कळलं नाही, पण लोक पोट धरून हसत होते, मग टाळ्या. मीपण वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, भाचीमुळे फुईला मान मिळतो. मधे तू माईक सोडून स्टेजवर इकडून तिकडे चालून दाखवलंस, तो व्यायाम मात्र नीट दिसला नाही, पुढे फोटोवाला उभा होता. भेटलीस की शिकव.

मी रोज चालते. आपल्या दारापासून पाटाच्या मोरीपर्यंत आणि परत. कोणी विचारलं की सांगते, भाचीने सांगितलंय. तेवढं पुरतं. परवा तर हातात काहीच न घेता परत आले. दारात आल्यावर लक्षात आलं. स्वतःचंच हसू आलं.

फुवांचा खोकला बरा आहे.

मीनाबाई

*

शहादा,
९ मार्च २०२५

प्रिय फुई,

तुला दोन चिठ्ठ्या पाठवल्या. लखन म्हणतो, दोन्ही तुझ्या हातात दिल्या. उत्तर नाही. मिथुनला फोन केला तेव्हा कळले की तू पंधरवड्यापासून चालणे बंद केले आहेस. चालणेच नव्हे, ओट्यावरही येत नाहीस. तपासणी करवून घेतली तर साखर पुन्हा होती तिथे.

फुई, मला राग आलेला नाही. मला समजून घ्यायचे आहे. नवी सवय सुटण्याची कारणे अभ्यासकांनी तपासली आहेत. पहिल्या उत्साहानंतर मनाला फळ रोज दिसेनासे होते आणि मन म्हणते, आज राहू दे. हा आळस नव्हे. मेंदूची ती नैसर्गिक काटकसर आहे. दुसरे कारण संकोच. तुझा जुना संकोच परत आला असावा. त्यावर उपाय सोपा आहे: संकोच ही केवळ एक कल्पना असते. दुसरे लोक आपल्याकडे आपल्याला वाटते तितके पाहत नसतात. प्रत्येकजण आपल्याच कामात असतो. हे एकदा बुद्धीला पटले की पाय मोकळे होतात.

आणि तिसरी शक्यता ऊन. त्यासाठी सकाळी लवकर निघत जा. पाण्याची बाटली जवळ ठेव. बूट चावत असतील तर आत कापूस घाल.

तू माझे ऐकत आली आहेस, म्हणून लिहिते. तळव्यांच्या नसा एकदा मेल्या की परत येत नाहीत. तुझ्या पायाला काही झाले तर मी काय करू? होळी झाली की इकडे ये. बागेतले लोक तुझी आठवण काढतात. रोज कोणीतरी विचारते, "मॅडम, फुई कधी येणार?"

तुझी,
भूमिका

*

म्हसावद,
१८ मार्च २०२५

भूमिका,

होळीपर्यंत थांबले. वाटलं, होळीत सगळं जळून जाईल, मग लिहायला काही उरणार नाही.

तुझ्या कॉलनीतली दिपाली आमच्या गावची. तिने तुझं भाषण मोबाइलमध्ये घेतलं होतं. ते इथं आलं. आधी पोरांकडे, मग सगळ्यांकडे. आमच्या सुनेने मला दाखवलं, तिला वाटलं मला आनंद होईल. मला चित्र दिसलं, आवाज नाही. मी म्हटलं, काय बोलते ती, सांग. तिने कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं. मला ऐकवायचं म्हणजे किती ओरडावं लागतं, तुला माहीत आहे. ज्यांनी मोबाइलवर ऐकलं नव्हतं त्या गल्लीनेही ऐकलं.

बूट मळतील म्हणून मी ते पिशवीत घालून अनवाणी चालत होते, हे सांगितलंस. खरं आहे. माळ्याशी भांडले ते सांगितलंस. तेही खरं. तू विचारलंस फुई, आज किती चाललीस, आणि मी म्हटलं, एक भारा. तेही मी म्हटलं होतं. आम्ही असंच मोजतो. शेत किती लांब, तर भारा घेऊन एकदा टेकावं लागतं इतकं. तिथं सगळ्यांत जास्त हसले.

मग तू माईक सोडून चाललीस. डोक्यावर हात धरून, ढुंगण मागे टाकून, पाय फेंगडे करून, डावा खांदा खाली. मी सुनेला विचारलं, हा कसला व्यायाम? तिने मोबाइल खाली ठेवला. मग मला कळलं, ही मी आहे.

माणसाला आपली चाल दिसत नाही, भूमी. तोंड आरशात दिसतं. चाल दुसऱ्यांनाच दिसते. मी इतकी वर्षं अशी चालते हे मला माहीत नव्हतं. तुझ्या अंगावर पाहिल्यावर लगेच ओळखू आली.

आणि त्याच चित्रात खाली पहिल्या रांगेत मी बसले आहे. टाळ्या वाजवते आहे. सगळ्यांच्या आधी सुरू केल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या.

तू लिहितेस, लोक आपल्याकडे पाहत नसतात. होळीला आमच्याकडे सोंगं निघतात. यंदा आमच्या गल्लीतल्या उखाच्या मुलाने लुगडं नेसून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, डावा खांदा पाडून सोंग काढलं. पायात पांढरे बूट. घराघरापुढे थांबायचा. सुनेने सांगितलं, लोक विचारायचे, "किती चालनी वं?" तो म्हणायचा, "एक भारा!" आमच्या दारात आला तेव्हा तुझे फुवा उठून आत गेले. मी सोंगाला दहा रुपये दिले. सणाचं सोंग रिकामं पाठवत नाहीत.

आता मी न्हाणीपर्यंत निघाले तरी मला माझा खांदा दिसतो. पाय उचलला की वाटतं, आता हा कसा पडेल. सरळ चालायला गेले आणि उंबऱ्यावर अडखळले. म्हणून चालत नाही. ऊन नाही, बूट चावत नाहीत. मेंदूची काटकसर काय असते ते मला माहीत नाही.

बागेतले लोक माझी आठवण का काढतात, तेही कळलं.

मीनाबाई

*

शहादा,
२३ मार्च २०२५

फुई,

हे पत्र मी अनेकदा सुरू केले. प्रत्येक वेळी पहिल्याच ओळीत 'कारण' हा शब्द आला आणि मी कागद फाडला.

तुला जानेवारीच्या पत्रात लिहिले होते की मी तुझे कौतुक केले. मी चालून दाखवले, हे मात्र लिहिले नाही. तू त्याला व्यायाम समजलीस, हे तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रात वाचले तेव्हा मी क्षणभर चरकले. मग मी ते पत्र घडी करून ठेवून दिले आणि मनाला म्हटले, बरे झाले, तिला कळले नाही. तुला ते कधीच कळणार नाही, असे गृहीत धरून मी पुढची पत्रे लिहिली. संकोचावर प्रवचनही दिले. तुझ्या संकोचाची सगळी कारणे मी शोधली. त्यांत मी नव्हते.

अचूक सांगायचे, तर आणखी एक गोष्ट आहे. मी बोलत असताना तू पहिल्या रांगेतून माझ्याकडे पाहून हसत होतीस. लोकांना सांगताना मी म्हणते, फुई हसत होती म्हणून मला धीर आला. ते खरे नाही. तुला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होते. ते ठाऊक होते म्हणूनच मी चाल करून दाखवली. तुझ्या जागी ऐकू येणारे माणूस असते, तर मी तसे केले नसते.

मी दिपालीकडे गेले. म्हटले, ते चित्रण काढून टाक. ती म्हणाली, "अहो मॅडम, का? किती भारी बोललात! पुढच्या मेळाव्यालाही तेच करा." मंडळाच्या सभेत मी उभी राहिले आणि सांगितले की माझे चुकले. अध्यक्ष म्हणाले, मॅडम फारच हळव्या आहेत. सगळ्यांनी चहा घेतला. माझी चूक कोणाला चूक वाटत नाही, त्यामुळे ती भरून काढायला जागाच नाही.

आणि बागेत आता लोक फेऱ्या मोजत नाहीत. बायका एकमेकींना विचारतात, "आज किती भारे?" कोणी म्हणते तीन, कोणी चार. मला पाहिले की मुद्दाम मोठ्याने म्हणतात. त्यांना वाटते, मला आवडेल. मी बागेत जाणे सोडले आहे. आता घरातून निघताना मागच्या गल्लीने निघते. सचिवाने स्वतःच्या बागेला वळसा घालून शाळेत जावे, ही माझी अवस्था.

तू मला क्षमा कर, असे लिहिण्याचा अधिकार मला वाटत नाही. पण तुझा पाय, फुई. माझ्यामुळे तुझा पाय जाऊ नये. मला शिव्या दे, माझे तोंड पाहू नकोस, पण चाल. तू सांगशील ते मी करीन.

भूमिका

*

म्हसावद,
२ एप्रिल २०२५

भूमी,

पत्र पोचलं. मला वाटलं होतं, तू समजावशील. समजावलं नाहीस, ते बरं केलं.

राग आहे का? आहे. फुवांनाही आहे. ते तुझं नाव घेत नाहीत, 'शहादावाली' म्हणतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अंगणात माझ्या पायात काच गेली. मला कळली नाही. सून हातवारे करत धावत आली तेव्हा खाली पाहिलं, तर ओसरीभर रक्ताचे ठसे. दवाखान्यात मिथुनने नेलं. घाव वरवरचा होता, पट्टी बांधली. संध्याकाळी जाऊबाईंजवळ बसले. त्यांना म्हटलं, माले लाज वाटस, बाहेर पाय टाकवत नाही. त्यांनी लुगडं बाजूला केलं आणि पाय संपतो तिथवर मला पाहू दिलं. मग परत झाकलं आणि लसूण सोलायला लागल्या.

आज डॉक्टरांनी पट्टी काढली आणि चालायला हरकत नाही म्हणाले. संध्याकाळी निघाले. बूट घालून. उखाच्या बायकोने ओट्यावरून विचारलं, "कथा जाई ऱ्हायनी?" मी म्हटलं, "कथाच नई." ती बघत राहिली. तिच्या पोरी मागे काहीतरी करत असतील, मी वळले नाही. मोरीपर्यंत गेले आणि आले. लाज गेली का म्हणशील, तर नाही. सगळ्या वाटेने बरोबर होती. खांदा आठवत होता. पण पाय पडत होते.

आता तुझं. तू लिहितेस, मी सांगेन ते करशील. तर ये. रविवारी सकाळच्या एसटीने ये, ऊन चढायच्या आत, बायका पाण्याच्या टाकीवर असतात तेव्हा. आपण दोघी चालायचं. टाकीवरून, मारुतीवरून, उखाच्या ओट्यासमोरून, पार पाटापर्यंत. इथं तुला सगळे ओळखतात, मोबाइलमध्ये पाहिलंय. हसतील. कोणी म्हणेल, मॅडम, करून दाखवा ना परत. तेव्हा तू काही बोलायचं नाही. भाषण नको, माफी नको, कोणाला समजावणं नको. तू बोललीस, तर काय बोललीस ते मला पुन्हा कोणाकडून तरी कानात ओरडून घ्यावं लागेल. ते आता मला नको. तू कोण आणि का आलीस, ते जे सांगायचं ते मी सांगीन.

फुवा घरात असतील. त्यांना पाया पड. ते बोलणार नाहीत, तरी पड.

आणि चालताना मागे राहू नकोस. माझ्या पाठीवर तुझी नजर नको. बाजूने चाल.

तुझी फुई
मीनाबाई